भिंतीवरच्या चित्रात आपण : वेश, सामान, फोटो आणि हिशोब



महिला दिनाला काय करायचं, असा विषय भिसेगावच्या सभेत निघाला की यादी ठरलेली असते. संगीत खुर्ची, उखाणे, रांगोळी, पाककला. यंदा एक सूचना वेगळी आली. भिंतींवर रंगवलेली चित्रं आपण येता-जाता बघतो, तीच चित्रं आपण स्वतः वेश करून उभी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे. काहींना हसू आलं. काहींना नक्की काय करायचं ते कळलं नाही. आणि दोघी-तिघींनी लगेच विचारलं, खर्च कोण करणार? तिन्ही गोष्टी साहजिक आहेत. म्हणून हे काम काय आहे, कसं करायचं, आणि त्यात आपण कुठे सांभाळून राहायचं, ते सगळं एका ठिकाणी लिहून देते. गटाच्या सभेत मोठ्याने वाचलं तर अजून बरं.

नक्की काय करायचं असतं?

शाळेची भिंत, अंगणवाडी, रेल्वे स्टेशन, पुलाखालचे खांब, सगळीकडे हल्ली चित्रं असतात. वारली नाच, झाड लावणारी मुलगी, पुस्तक धरलेल्या सावित्रीबाई, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. त्यातलं एक चित्र निवडायचं. चित्रात जे आहे ते खऱ्या माणसांनी आणि हाताने बनवलेल्या सामानाने मांडायचं. कपडे, दागिने, झाड, हंडा, मागचा रंग, सगळं. मग सगळ्यांनी चित्रातल्यासारखं स्थिर उभं राहायचं आणि फोटो काढायचा.

यात नाटकासारखे संवाद नसतात, पाठांतर नसतं. स्टेजवर बोलायला घाबरणाऱ्या ताईंनासुद्धा यात जागा आहे. जिला समोर यायचंच नाही, तिला शिवणाचं, रंगाचं, चिकटवायचं, फोटोचं काम आहे.

आपल्याला हे नवीन नाही

गणपतीतले सजीव देखावे आठवा. पुण्याची मंडळं यासाठी प्रसिद्ध आहेत. पुतळ्यांऐवजी खरी माणसं वेश करून प्रसंग उभा करतात. पाडव्याच्या शोभायात्रेत चित्ररथ निघतात, त्यावर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई होऊन आपल्याच मुली उभ्या असतात. दिल्लीच्या 26 जानेवारीच्या संचलनात 2023 साली महाराष्ट्राचा चित्ररथ साडेतीन शक्तिपीठे आणि नारीशक्ती या विषयावर होता. गोष्ट तीच, चित्रासारखं उभं राहायचं.

चित्रावरून फोटो करण्याचीही चांगली उदाहरणं आहेत. राजा रविवर्मा यांच्या देवदेवतांच्या तसबिरी आपल्या आजीच्या घरात होत्या, काहींच्या देव्हाऱ्यावर अजून आहेत. साडी नेसलेली, कमळावर उभी असलेली लक्ष्मी डोळ्यांसमोर येते ना? या तसबिरी छापणारा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो मळवलीला हलवला. मळवली म्हणजे आपल्या घाटावरचं, लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन. तिथे छापलेली चित्रं घराघरात गेली.

त्यानंतर शंभर वर्षांनी, 2000 ते 2004 या काळात, बंगळुरूच्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत एक फोटोमालिका केली. रविवर्म्यांच्या चित्रांतल्या बायका, लक्ष्मी, चांदण्यात बसलेली स्त्री, अशा एकेक चित्रासारखा वेश करून त्या स्वतः फोटोत उभ्या राहिल्या. मागे पडदा, अंगावर तसेच कपडे, तसेच दागिने. फोटो बघणाऱ्याला आधी ओळखीचं चित्र दिसतं आणि मग लक्षात येतं की ही तर खरी बाई आहे, ती आपल्याकडे बघतेय. मग प्रश्न पडतो, मूळ चित्रासाठी कोण बसली असेल? तिचं नाव काय असेल?

परदेशात रस्त्यावरच्या चित्रांचंही असंच झालंय. इंग्लंडमध्ये बॅन्क्सी या टोपणनावाने एक कलाकार रात्रीत भिंतींवर चित्रं काढून जातो. लंडनच्या एका भिंतीवर 2006 साली त्याने घरकाम करणारी बाई काढली. ती भिंत पडद्यासारखी उचलते आणि केर तिच्याखाली ढकलते, असं ते चित्र. निक स्टर्न नावाच्या एका छायाचित्रकाराने बॅन्क्सीची अशी चित्रं खरी माणसं आणि खरं सामान घेऊन पुन्हा उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर जगभर लोकांनी घरात अडकल्या अडकल्या चादरी, टॉवेल, भांडी घेऊन प्रसिद्ध चित्रांसारखे फोटो काढले. अमेरिकेतल्या गेटी या संग्रहालयाने लोकांना तसं आवाहनच केलं होतं. कुणी बाजारात जाऊन काही आणलं नव्हतं, जे घरात होतं त्यावरच भागवलं. आपण बायका हे रोजच करतो.

पडद्यामागची बाई

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या कामाशी जोडलेली आहे.

मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली दादासाहेब फाळके यांचं प्रचंड मोठं चित्र रंगवलं गेलं. दादासाहेबांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट केला. तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडं नेसून केलं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या चित्रपटाच्या मागे दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत, कपडे धूत, शिवाय फिल्मला भोकं पाडणं आणि फिल्म धुणं हे कामही त्या शिकल्या होत्या. पैसा उभा करायला त्यांचे दागिने गेले. भिंतीवर मात्र दादासाहेब आहेत.

यात दादासाहेबांना कमी लेखायचं नाही. सांगायचं एवढंच की चित्र उभं राहतं तेव्हा त्यामागे शिवणारे, रांधणारे, चिकटवणारे, उचलणारे हात असतात आणि ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात. त्यांचं नाव कुठेच नसतं. आपण जेव्हा चित्र उभं करू, तेव्हा ही चूक आपल्या हातून व्हायला नको.

दुसरी गोष्ट वारली चित्रांची. पालघर-डहाणूकडे वारली घरात लग्न असलं की भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. तो काढण्याचा मान सवाशिणींचा. पुढे 1970 नंतर ही कला कागदावर आली, जगभर गेली. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि ते योग्यच होतं. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या ज्या बायकांनी चौक काढले, त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

आता आपल्या घरातलंच बघा. कार्यक्रमात आपला फोटो निघतो, कुठे कुठे छापून येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘उपस्थित महिला’ किंवा ‘लाभार्थी महिला’. पावसाळ्यात कर्जतला फिरायला आलेली माणसं गाडी थांबवून लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो काढतात आणि निघून जातात. विचारत नाहीत, नाव तर दूरच. म्हणून माझ्या मते या उपक्रमात फोटो सुंदर येणं दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर हे आहे की चित्रात कोण येणार, कशी येणार, तो फोटो कुठे जाणार आणि खाली कुणाची नावं लागणार, हे सगळं आपण ठरवणार.

चित्र कोणतं निवडायचं?

पहिल्यांदा करताना सोपं चित्र घ्या. तीन कसोट्या लावा.

एक, चित्रात माणसं कमी आणि ठळक असावीत. एक ते पाच जणी पुरे.

दोन, रंग कमी असावेत. दोन-तीन रंगांचं चित्र कपड्यांतून पटकन जमतं.

तीन, चित्राबद्दल आपल्याला काहीतरी म्हणायचं असावं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई सगळीकडे रंगवलेली असते आणि ती नेहमी हसत असते. आपण पाणी भरताना हसतो का? मग तेच चित्र उभं करा, पण चेहरा आपला खरा ठेवा. नाहीतर हंड्याच्या जागी गटाचं पासबुक धरा. बघणाऱ्याला ओळखीचं चित्रही दिसेल आणि बदलही दिसेल. जुन्या चित्रात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तंतोतंत ठेवायचं. दहा गोष्टी बदलल्या तर मूळ चित्र ओळखूच येत नाही.

कुणाच्या देवाची, समाजाची, वेशाची थट्टा होईल असं काही करू नका. ठाकर किंवा कातकरी ताईंचा वेश करायचा असेल तर त्या ताईच फोटोत हव्यात, आणि काय बरोबर, काय चूक हे त्यांनीच सांगायचं. त्यांचा वेश घालून दुसरीनेच फोटोत उभं राहायचं नाही.

आधी चित्र वाचायचं

चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहा. एकीने वहीत लिहायचं. कुठला पाय पुढे आहे? मान कुठे वळली आहे? हात कोपरात वाकलाय की सरळ आहे? उजेड कुठल्या बाजूने आहे? पदर कुठल्या खांद्यावर? हातात काय आहे आणि ते माणसाच्या मानाने किती मोठं आहे? नंतर घरी येऊन एकीने तसं उभं राहायचं आणि दुसरीने वही वाचून तिला दुरुस्त करायचं. यातच अर्धं काम होतं. आपल्याला वाटतं चित्र आपण रोज बघतो, पण लिहायला बसलं की कळतं, किती गोष्टी आपण पाहिल्याच नव्हत्या.

वेश आणि सामान

खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाई यांनी 2005 साली स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ सिनेमातला महाल तिथे उभा होता. पडद्यावर दगडी दिसणारा महाल प्रत्यक्षात लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टरचा असतो. आपल्यालाही हेच सूत्र घ्यायचंय. फोनच्या डोळ्याला फक्त समोरची बाजू दिसते. मागून दागिना दोऱ्याने बांधला असला, झगा पिनांनी अडकवला असला तरी चालतं. त्यामुळे नवीन कापड कापायची घाई करू नका. आधी पिना लावून बघा.

घरात मिळणारं सामान असं:

जुन्या साड्या आणि ओढण्या. उलट्या बाजूने नेसल्या की रंग फिका दिसतो, तो रंगवलेल्या चित्राच्या जवळ जातो. चमकणारी जर आणि टिकल्या टाळा, फोटोत त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या येतात.

मांजरपाट. यावर गेरू, हळद, काजळी, चुना असे रंग बसतात. रंगात मैद्याची पातळ खळ मिसळली की रंग झडत नाही, दिवसभर टिकतो. चुना हाताळताना हातात पिशवी घाला, डोळ्यांपासून दूर ठेवा आणि चुन्याचं कापड अंगाला लागेल असं वापरू नका. ते मागच्या पडद्यालाच ठेवा.

पुठ्ठा. किराणा दुकानातल्या खोक्यांचा. मुकुट, पंख, पानं, मोठी फुलं, ढाल, सगळं यातून होतं. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या ठेवून कापला तर गोलाकार वाकतो.

कागदाचा लगदा. वर्तमानपत्र दोन दिवस पाण्यात भिजवायचं, कुटायचं, पिळून खळ मिसळायची. पालथ्या तांब्यावर किंवा हंड्यावर थापायचं, वाळलं की काढून घ्यायचं. डोक्यावर वजन न होणारा हंडा तयार. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे लगदा वाळत नाही, बुरशी धरतो. हे काम दिवाळीनंतरच घ्या.

बांबू, सुतळी, पोतं, नारळाच्या झावळ्या, सुपं, टोपल्या हे तर आहेच. थर्माकोल घेऊ नका. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि तो ना कुजतो ना गुरांना पचतो.

एक उदाहरण : तारपा नाच

वारली चित्र खऱ्या माणसांनी कसं करायचं? चित्रातली माणसं दोन त्रिकोणांची, हातपाय काडीसारखे. आपण तर काडीसारख्या नाही! त्यावर उपाय आहे.

सगळ्यांनी गेरूच्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. मागची जमीनही त्याच रंगाची, म्हणजे गेरूत रंगवलेल्या चादरी जोडून अंथरायच्या. मग पुठ्ठ्याचे पांढरे त्रिकोण कापायचे. एक उलटा छातीवर, एक सरळ कमरेखाली. हातांवर आणि पायांवर कपड्यावरून पांढऱ्या कापडाच्या अरुंद पट्ट्या शिवायच्या. चेहऱ्यासमोर पांढरी गोल चकती, बाईच्या अंबाड्यासाठी त्याला जोडून एक छोटी चकती. आता गेरूवर गेरू मिसळून जातो आणि फोटोत फक्त पांढऱ्या पट्ट्या, त्रिकोण आणि चकत्या दिसतात. बाई काडीची होते!

दुसरी युक्ती जागेची. वारली नाचात मधे तारपा वाजवणारा आणि भोवती माणसांचं गोल फिरत जाणारं वेटोळं असतं. उभं राहून समोरून फोटो काढला तर पुढच्या बायकांमागे मागच्या लपतात. म्हणून सगळ्यांनी चादरीवर आडवं व्हायचं, एकमेकींच्या कमरेत हात घालून वेटोळं करायचं आणि शाळेच्या गच्चीवरून खाली फोटो काढायचा. गच्चीवर फोटो काढणारी बाईच असावी आणि कठडा पक्का असेल तरच चढावं. ज्यांचे गुडघे-पाठ दुखते त्यांना झोपवू नका, त्यांना तारप्याचं सामान बनवायला द्या. तारपा हा दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा असतो. आपण तो लगद्याचा करू शकतो.

या चित्राचा आणखी एक फायदा आहे. चेहरा चकतीमागे राहतो. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही, त्या ताईसुद्धा बिनधास्त सामील होऊ शकतात.

फोटो काढताना

साधा फोन पुरतो. लेन्स पदराने पुसून घ्या, निम्मे फोटो त्यामुळेच धुरकट येतात. वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची घ्या. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं पडतं. एका बाजूला फार सावली येत असेल तर दुसरीकडून पांढरी चादर ताणून धरा, तिच्यावरून उजेड परत येतो.

फोन छातीच्या उंचीवर, सरळ धरा. झूम करू नका, चार पावलं पुढे जा. मूळ चित्राचा फोटो दुसऱ्या फोनवर उघडून शेजारी धरा आणि एकीने फक्त तुलना करायची. “पाय अजून पुढे”, “मान खाली”, असं सांगायचं. एकच पोज दहा-बारा वेळा काढा. कुणीतरी डोळे मिटलेले असतातच.

एक फोटो तयारीचाही काढा, ज्यात शिवणाऱ्या, रंगवणाऱ्या, चादर धरणाऱ्या सगळ्या दिसतील. तो मुख्य फोटोच्या शेजारीच लावायचा. सरस्वतीबाईंची गोष्ट लक्षात आहे ना?

संमती, नाव आणि हक्क

गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. प्रत्येकीचं नाव लिहा आणि पुढे तीन रकाने करा. पहिला, फोटो छापून गटात ठेवायला चालेल का? दुसरा, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आपल्या अंकात चालेल का? तिसरा, बाहेर, स्टेटसवर, प्रदर्शनात, विक्रीसाठी चालेल का? प्रत्येकीने स्वतः सही किंवा अंगठा करायचा. सगळ्यांसमोर हात वर करून संमती घेऊ नका, कारण सगळ्यांसमोर नाही म्हणणं अवघड जातं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर आई-वडिलांची सही घ्या, आणि मुलीलाही विचारा.

एखादी ताई आज हो म्हणाली आणि घरी गेल्यावर नको म्हणाली, तर नको. कारण विचारायचं नाही. एकदा स्टेटसवर गेलेला फोटो परत घेता येत नाही. म्हणून कार्यक्रम झाल्यावर निदान एक दिवस थांबूनच फोटो बाहेर सोडा.

चित्र ज्याने काढलंय त्याचाही हक्क असतो. कायद्याने चित्रावर कलाकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. रविवर्मा 1906 साली वारले, त्यामुळे त्यांच्या चित्रांची अडचण नाही. पण गावातल्या शाळेची भिंत गेल्या वर्षी एखाद्या चित्रकाराने रंगवली असेल, तर त्याला सांगा, आणि फोटोखाली त्याचं नाव द्या. फोटोची कार्डं किंवा कॅलेंडर करून विकायची असतील तर त्याची लेखी परवानगी घ्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, तेव्हा आपण केलेल्या वस्तूला ‘अस्सल वारली’ म्हणून विकू नका. आपलं नाव जपायचं तर दुसऱ्याचंही जपायला हवं.

हिशोब

आता खर्चाचा प्रश्न. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही लिहा.

समजा, कापड, रंग, खळ, सुतळी मिळून साहित्य 900 रुपयांचं झालं. फोटोंची छपाई 300 रुपये. आपण म्हणतो, खर्च 1200 रुपये. पण चार जणींनी तीन दिवस रोज चार तास काम केलं, म्हणजे 48 तास झाले. तासाला 50 रुपये धरले तर 2400 रुपये. खरा खर्च 3600 रुपये आहे. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से मेहनतीचे, आणि नेमके तेच वहीत येत नाहीत.

महिला दिनाला आपण हौसेने करतो, तेव्हा कुणी मजुरी घेणार नाही, ठीक आहे. तरीही तास लिहून ठेवा. कारण उद्या शाळेचं स्नेहसंमेलन असतं, गणपती मंडळाला देखावा हवा असतो, फार्महाऊसवर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्यांना सामान भाड्याने हवं असतं. ते विचारतील, किती घेणार? वहीत 1200 असतील तर आपण सहज म्हणू, दोनशे द्या. पण खरा खर्च 3600 आणि सामान सहा वेळा टिकेल असं धरलं, तर एका वेळेचे 600 रुपये आल्यावर फक्त घातलेलं परत येतं. त्याच्या वर मिळालं तर नफा. हे आधी माहीत असलं की भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

सामान भाड्याने देताना अनामत घ्या, यादीवर सही घ्या आणि परत आल्यावर मोजून घ्या. यादी सचिव ताईंकडे असू द्या. आपल्या फोटोत आपण जे कपडे घातले ते द्यायचे, फोटो द्यायचा नाही. तो विषय वेगळा, त्यासाठी वर सांगितलेला तिसरा रकाना बघा.

पुढच्या मासिक सभेत एवढं करा

आपल्या वस्तीतल्या भिंतींवरची चित्रं मोजून या आणि किती चित्रांत बाई आहे, ती काय करताना दाखवली आहे, ते लिहा. सभेत वाचा. एक चित्र निवडा आणि ठराव करा. वेश, सामान, फोटो, हिशोब आणि संमतीची वही, अशा पाच जबाबदाऱ्या पाच जणींना द्या. साहित्यासाठी गटाचे पैसे वापरणार असाल तर रक्कम ठरावात लिहा. गट लहान असेल तर शेजारच्या गटाला बरोबर घ्या.

तयार झालेला फोटो आणि त्यासोबत सगळ्यांची पूर्ण नावं माझ्याकडे पाठवा. समोर उभ्या राहिलेल्या, शिवणाऱ्या, खळ शिजवणाऱ्या, चादर धरणाऱ्या, ज्यांनी ज्यांनी संमती दिलीय त्या सगळ्यांची. नावं जास्त झाली तर फोटो थोडा लहान छापू, पण नाव एकही गाळणार नाही.

आपली,
क्षेत्र समन्वयक, कर्जत-खालापूर